हॅरी ब्रिअर्ली : न कापणाऱ्या सुऱ्या करणारा माणूस



आज सकाळी तुम्ही ज्या सुरीने कांदा चिरला ती बहुतेक स्टेनलेस स्टीलची असणार. आपल्या आज्यांच्या काळी असे नव्हते. लोखंडी विळीवर कैरी किंवा लिंबू चिरले की पाते काळे पडायचे. विळी लगेच धुवायची, पुसायची, पावसाळ्यात तिच्यावरून तेलाचे बोट फिरवायचे, नाहीतर दोन दिवसांत तांबेरा चढलाच म्हणून समजा. हे काळे पडणे ज्यांच्यामुळे थांबले त्यांच्यापैकी एक नाव हॅरी ब्रिअर्ली. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ असते : स्टेनलेस स्टीलचा शोध, १९१३. मुले ती पाठ करतात आणि पुढे जातात.

खरी गोष्ट त्या ओळीनंतर सुरू होते. न गंजणारे पोलाद हाती आले, त्याच्या सुऱ्याही झाल्या, पण त्या कापतच नव्हत्या! गावात ब्रिअर्लींची चेष्टा सुरू झाली. सुरी का कापेना आणि शेवटी कशी कापू लागली, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. म्हणून आज त्यांचे चरित्र जरा सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडे पैठण म्हटले की पैठणी, तसे इंग्लंडमध्ये शेफील्ड म्हटले की पोलाद आणि सुऱ्या-कात्र्या. या गावात १८ फेब्रुवारी १८७१ रोजी हॅरीचा जन्म झाला. वडील जॉन हे थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्यात पोलाद वितळवण्याचे काम करत. घर लहान, भावंडे पुष्कळ, पैसा बेताचा. हॅरी शाळेत फारसा रमला नाही. गावातल्या कारागिरांच्या दारात उभे राहून त्यांचे हात बघत बसणे त्याला जास्त आवडायचे. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली.

वडिलांच्या भट्टीच्या खाली तळघर असे. तिथे हॅरी हाताखालचा पोऱ्या म्हणून लागला. राख काढायची, मातीच्या मुशी बनवणाऱ्याला मदत करायची, मोठ्यांना हवे नको ते आणून द्यायचे. वर मातीच्या मुशीत पोलाद वितळे आणि धडधाकट माणसे ती पेटती मूस सांडशीने उचलून साच्यात ओतत. थंड झालेली लगड फोडायची आणि तुटलेल्या भागाचे कण नुसत्या डोळ्याने पाहून त्यात कार्बन किती आहे ते ओळखायचे, अशी तिथली परीक्षा होती. हे डोळ्याने ओळखणे हॅरी लहानपणीच शिकला आणि पुढे तेच त्याच्या कामी आले.

जाता जाता एक सांगतो. मुशीत पोलाद करण्याची कला शेफील्डच्या फार आधीपासून दख्खनमध्ये होती. निजामाबाद जिल्ह्यातले कोनसमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. आपला परभणी जिल्हाही पूर्वी त्याच निजामाच्या राज्यात होता, म्हणजे ही कला तशी शेजारचीच. १७९० च्या दशकात या वूट्झ पोलादाचे नमुने मुंबईहून लंडनला गेले. पुढे मायकेल फॅरेडे यांनी जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या करणाऱ्या कारागिराबरोबर त्यावर काम केले आणि १८२२ पर्यंत पोलादात क्रोमियम मिसळूनही पाहिले. म्हणजे ब्रिअर्लींच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी. पण ते तिथेच राहिले. फॅरेडे स्वतः लोहाराचे पोर, हेही मुलांना सांगा.

हॅरीकडे परत येऊ. इतक्या लहान वयाच्या मुलाला भट्टीवर ठेवणे कायद्यात बसत नव्हते, त्यामुळे तळघराचे काम सुटले. मग त्याच कारखान्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम मिळाले. तिथले प्रमुख होते जेम्स टेलर. बाटल्या धुणाऱ्या या मुलाला त्यांनी गणित शिकवायला घेतले, रात्रशाळेत जायला लावले. हॅरी दिवसा काम करी आणि रात्री शिके. असे करत तो पोलादाचे रासायनिक पृथक्करण करणारा झाला, आणि तिशी ओलांडेपर्यंत त्या विषयावरच्या पुस्तकांवर त्याचे नाव छापले गेले.

शाळा सोडूनही माणूस मोठा होतो, असा अर्थ कृपा करून यातून काढू नका. मला या गोष्टीत टेलर फार मोठे वाटतात. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तुम्ही पाहता. त्यांच्याबरोबर जाणारी मुले बाराव्या वर्षी कोयता ओळखतात, बैल ओळखतात, उसाची जात ओळखतात. त्यातले काही आपल्या हजेरीपटावर दिसते का, आणि त्यांना टेलर भेटतो का, हे आपणच स्वतःला विचारायचे.

१९०४ च्या सुमारास फर्थ कंपनीने ब्रिअर्लींना रीगा शहरी पाठवले. आज ते लॅटव्हियाची राजधानी आहे, तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. इथे पोलाद तापवून कडक करण्याचे काम त्यांच्या अंगावर पडले. आता हे काम काय असते ते आधी समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

आठवडी बाजाराच्या कडेला घिसाडी पाल टाकून बसतात, ते तुम्ही पाहिले असतील. विळा ठोकून झाला की त्याची धार भट्टीत लाल करायची आणि झटकन पाण्यात बुडवायची. याला आपण पाणी देणे म्हणतो. पाणी नीट बसले तर धार टिकते, नाही बसले तर ज्वारीच्या दोन पात्यांत विळा बोथट. आणि पाणी जास्त झाले तर दगडावर आपटताच धारेचा तुकडा उडतो. किती लाल झाल्यावर बुडवायचे, हे तो डोळ्याने ठरवतो. म्हणूनच हे काम सावलीत करतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात लाल कोणते आणि केशरी कोणते, काही समजत नाही. शेफील्डमध्येही पाणी देण्याच्या खोल्या मुद्दाम अंधाऱ्या ठेवत.

रंग बघून उष्णता ओळखणे ही वर्षांची साधना. नवख्या कामगारांनी काय करायचे? ब्रिअर्ली आणि त्यांचे सहकारी कॉलिन मूरवुड यांनी यावर सुरेख युक्ती काढली होती. ठरावीक उष्णतेलाच वितळतील अशा क्षारांच्या छोट्या वड्या त्यांनी तयार केल्या. वडी पोलादाशेजारी ठेवायची. ती वितळली की समजायचे, वेळ झाली. किमती यंत्र नको, तज्ज्ञ नको. मला तर ही वडी स्टेनलेस स्टीलइतकीच मोलाची वाटते. कारागिराच्या डोळ्यात असलेले ज्ञान दुसऱ्याच्या हाती देण्याचा तो प्रयत्न होता, आणि आपला धंदा तरी दुसरा कोणता आहे?

तिकडून परत आल्यावर १९०८ मध्ये ब्राऊन आणि फर्थ या दोन कंपन्यांच्या संयुक्त प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हत्यारांचे पोलाद कसे तापवावे आणि निववावे, यावरचे त्यांचे पुस्तक १९११ मध्ये निघाले. १९१२ मध्ये बंदुकांचा प्रश्न समोर आला. गोळी सुटताना तयार होणाऱ्या तप्त वायूंनी नळी आतून झिजत होती. न झिजणारे पोलाद शोधताना ब्रिअर्ली क्रोमियमचे प्रमाण बदलत नमुने करून पाहू लागले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२.८ टक्के होते आणि कार्बन ०.२४ टक्के.

सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचे कण दिसावेत म्हणून ते घासून चकचकीत करतात आणि त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावतात. आम्ल पृष्ठभाग थोडा खाते आणि कण उठून दिसतात. या नमुन्याला आम्ल लागेचना. दुसऱ्या एखाद्याने नमुना बिघडला म्हणून बाजूला टाकला असता. ब्रिअर्लींनी त्यावर व्हिनेगर टाकून पाहिले, लिंबाचा रस टाकून पाहिला. डाग नाही. काम बंदुकीच्या नळीचे होते, पण शेफील्डचा माणूस, त्याच्या डोळ्यांपुढे जेवणाच्या टेबलावरची सुरी आली. त्या काळी लिंबू, व्हिनेगर, फळे यांनी काळ्या झालेल्या सुऱ्या रोज घासाव्या लागत, आणि घरोघरी हे काम बायका नाहीतर मोलकरणी करत.

कंपनीला यात काही रस वाटला नाही. दोन सुरीवाल्यांकडे नमुने गेले आणि दोघांनीही नापसंती कळवली. घडवताना हे पोलाद हातोड्याला दाद देत नाही, सहाणेवर घासायला कठीण, पाणी धरत नाही, धार येत नाही. न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढणारा माणूस अशी ब्रिअर्लींची ओळख झाली. विचार करा, ज्या गावात सुरी हेच पोट, तिथे ही चेष्टा किती लागली असेल.

चूक कोणाची होती? सुरीवाले अडाणी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या जे केले तेच त्यांनी याही पोलादावर केले. साधे पोलाद साधारण ७६० ते ८०० अंश सेल्सिअसला, म्हणजे पिकल्या चेरीसारखे लाल झाले की, पाण्यात बुडवतात. हे पोलाद तेवढ्या उष्णतेला जागेच होत नाही. क्रोमियम कार्बनला घट्ट धरून बसते. या जोडीचे बारीक बारीक कण पोलादात विखुरलेले असतात आणि ते विरघळल्याशिवाय कार्बन मोकळा होत नाही. कार्बन मोकळा झाला नाही तर बुडवूनही पाते मऊच राहणार. कोमट पाण्यात खडीसाखर टाकून बघा, तळाशी तशीच पडून राहते. उकळत्या पाण्यात विरघळते. तसेच हे. त्यासाठी १००० अंशांच्या आसपास, म्हणजे लालच्या पुढे झगझगीत केशरी रंगापर्यंत जावे लागते. मोकळे झालेले क्रोमियमच पृष्ठभागावर प्राणवायूशी मिळून अतिशय पातळ थर धरते आणि गंज थांबवते. म्हणजे कमी तापवलेली सुरी कापत नाही, आणि न गंजण्याचा तिचा गुणही पुरता उतरत नाही.

आणखी एक खोड होती. हे पोलाद लाल करून नुसते हवेत ठेवले तरी कडक होते. सुरीवाल्याने ते घडवून बाजूला ठेवले की काही वेळाने ते दगड झालेले असे. मग साचे तुटणार, कानस घसरणार, दुसरे काय होणार!

जून १९१४ मध्ये ब्रिअर्लींची गाठ अर्नेस्ट स्टुअर्ट यांच्याशी पडली. स्टुअर्ट हे आर. एफ. मोझ्ली या सुऱ्यांच्या कारखान्यातले जाणकार. गंजणार नाही असे पोलाद असते यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्यांनी नमुना घेतला, व्हिनेगरमध्ये टाकून स्वतः खात्री केली, आणि डाग पडत नाही म्हणून त्याला स्टेनलेस हा शब्द वापरला. आज जगभर चालणारे नाव हे असे सुरीच्या कारखान्यातून आलेले आहे. पहिल्या खेपेला स्टुअर्टांची हत्यारे खराब झाली. दुसऱ्या खेपेला सुऱ्या ठिसूळ निघाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी ब्रिअर्लींनाच बोलावून घेतले. प्रयोगशाळेतला माणूस भट्टीपाशी उभा राहिला, सुरीवाल्याने हात चालवला, उष्णता बरोबर पकडली गेली आणि सुरी कापू लागली. पोलाद तेच होते.

ब्रिअर्लींनी पदरचे पैसे घालून आणखी सुऱ्या करवून घेतल्या आणि ओळखीच्या लोकांना वाटल्या. अट एवढीच, कोणत्याही पदार्थाने डाग पडला तर सुरी परत करायची. एकही परत आली नाही.

हे वर्गात दाखवता येते. जाड शिवणाची सुई सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर लालभडक करा आणि हळूहळू ज्योतीबाहेर काढत निवू द्या. ती तारेसारखी वाकेल. तीच पुन्हा लाल करून चटकन पाण्यात बुडवा. आता वाकवायला गेलात तर कट्‌कन तुटेल. सुई तीच, लोखंड तेच. तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, आणि प्रयोग शिक्षकानेच करायचा.

आज घरामागच्या शेडमध्ये स्टेनलेस सुऱ्या करणारे हौशी लोक जगभर आहेत. मोझ्लींच्या कारखान्यात जे घडले तेच ते घरी करतात, फक्त अंदाजाच्या जागी आकडे आले. उष्णता आकड्यात दाखवणारी छोटी विजेची भट्टी असते. पाते पोलादाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात, म्हणजे हवा लागून वरचा कार्बन जळत नाही. ४४०सी नावाचे पोलाद असेल तर साधारण १०४० अंशांपर्यंत नेऊन काही मिनिटे तिथेच धरतात, मग काढून ॲल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये दाबतात. पाण्याची गरजच नाही. पाण्यात टाकले तर उलट तडा जाण्याची भीती. नंतर कानस फिरवून पाहायची. ती चावता घसरली तर पाते कडक झाले. पण हे पाते अजून काचेसारखे असते. म्हणून १७५ ते २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा शेकायचे. तेवढ्यासाठी स्वयंपाकघरातली केक भाजण्याची भट्टीही चालते. फार तापवले तर काय, असे कोणी विचारेल. कण मोठे होतात, पाते ठिसूळ होते, आणि अति झाले तर पुन्हा मऊ पडते. दोन्हीकडून कात्रीच आहे.

सुरी कापू लागली तसा वाद पेटला. ज्या कंपनीला सुरीत रस नव्हता ती आता हक्क सांगू लागली. श्रेय कोणाचे आणि फायदा कोणाचा, यावर बिनसले आणि १९१५ मध्ये ब्रिअर्लींनी प्रयोगशाळा सोडली. ते शेफील्डच्याच ब्राऊन बेलीज या कारखान्यात गेले. पोलादाचे पेटंट त्यांना अमेरिकेत १९१६ मध्ये मिळाले. पुढच्या वर्षी फर्थ कंपनीशी तडजोड होऊन दोघांच्या नावाची एक संस्था निघाली. तोवर पहिले महायुद्ध जोरात होते आणि हे पोलाद सुऱ्यांऐवजी विमानांच्या इंजिनांच्या झडपांसाठी जात होते.

पहिला शोध कोणाचा, यावर आजही भांडणे होतात. जर्मनीत क्रुप कंपनीच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी १९१२ मध्येच क्रोमियम-निकेलचे पोलाद केले होते. अमेरिकेत एल्वुड हेन्स त्याच मार्गावर होते. म्हणून मुलांना एकच नाव आणि एकच वर्ष पाठ करायला लावू नये असे मला वाटते. सुरीपुरते बोलायचे तर ब्रिअर्लींच्या बरोबरीने स्टुअर्टांचेही नाव घ्यावे.

तुमच्या घरातले ताट-वाटी मात्र ब्रिअर्लींच्या पोलादाची नाही. त्यांच्यानंतर प्रयोगशाळेत आलेल्या डब्ल्यू. एच. हॅटफील्ड यांनी १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले पोलाद पुढे आणले, चांगली भांडी त्या घराण्यातली. ते कितीही तापवून बुडवले तरी कडक होत नाही, म्हणून त्याची सुरी करत नाहीत. मुलांना चुंबक देऊन स्वयंपाकघरात पाठवा. सुरीच्या पात्याला तो चिकटेल, चांगल्या डब्याला बहुधा चिकटणार नाही. घरी येऊन कोणते भांडे चिकटले याची यादी ती आनंदाने करतात, आणि कधी कधी महाग म्हणून घेतलेला डबा चिकटल्यावर आईची पंचाईतही होते!

१९२० मध्ये ब्रिअर्लींना पोलाद क्षेत्रातले मानाचे बेसेमर सुवर्णपदक मिळाले. भाऊ आर्थर याच्यासोबत त्यांनी पोलादाच्या लगडींवर पुस्तक लिहिले होते. म्हणजे मुशीजवळ वाढलेली दोन पोरे त्याच लगडींवर लिहिणारी झाली. १९४१ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याच वर्षी फ्रेशगेट नावाचा धर्मादाय निधी सुरू केला. शेफील्डच्या साध्या लोकांना शिक्षण, प्रवास, संगीत, कला यांची संधी मिळावी, यासाठी हा पैसा होता. १४ जुलै १९४८ रोजी समुद्रकाठच्या टॉर्की गावी त्यांचे निधन झाले. निधी त्यानंतरही चालू राहिला.